उंची झाडाची की रानाची?

अंगणात फणस किंवा बकुळ लावायचं म्हटलं की घरातलं कोणीतरी हटकतंच, 'एवढं मोठं होणारं झाड घराशेजारी कशाला?' शंका रास्त आहे. सह्याद्रीच्या सदाहरित रानातली ही झाडं, तिथे ती खरोखरच दांडगी वाढतात. पण या शंकेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे झाडाची उंची बियांतच ठरलेली असते. मला हे अर्धंच पटतं.

रानात झाड उंच होतं ते उजेडापायी. दाट सावलीत रुजलेलं रोप वर्षानुवर्षं खुरटं राहून तग धरतं. एखादा जुना वृक्ष कोसळला, आभाळ मोकळं झालं, की शेजारच्या रोपांशी चढाओढ करत ते सरळ वर सुटतं आणि सावलीत राहिलेल्या खालच्या फांद्या वाळून गळतात. तेच रोप मोकळ्या परसात लावा. चारी बाजूंनी ऊन, चढाओढीला कोणी नाही, मग ते खालपासूनच फांद्या धरतं आणि आडवं पसरतं. निम्मं काम जागाच करते.

उरलेलं निम्मं आपलं, आणि ते आपण फार उशिरा करतो. झाड विजेच्या तारांना टेकेपर्यंत कोणी वर बघत नाही. मग एका सकाळी अख्खा शेंडा उडवला जातो. त्या कापाखालून सरळसोट धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. त्यांची पकड वरवरची असते, म्हणून ते जड झाले की वादळात तेच आधी मोडतात. मोठी जखम लवकर भरत नाही आणि आत कूज शिरते. याला छाटणी म्हणणं हा छाटणीचा अपमान आहे.

छाटणी सुरू होते ती रोप कमरेला आल्यावर. शेंडा नखाने खुडावा, चहूबाजूंना सुटलेल्या तीन-चार फांद्या राखाव्यात. पुढे दरवर्षी फळं उतरली की मधूनच उभी निघालेली फांदी बुडातून काढावी. बोटाएवढी असताना काढली तर जखम सहज भरते. फणसाची तर सोयच आहे. त्याची फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात, त्यामुळे वरचा भार उतरवला तरी घरचा फणस जात नाही. मोठा काप घ्यावाच लागला तर त्यावर बोर्डो पेस्ट लावावी, आणि भर पावसात कोयता हातात घेऊ नये.

रातांब्याची गंमत वेगळी. त्याच्यात एक उभा वाढणारा शेंडा असतो आणि बाजूला आडव्या फांद्या. उभ्या शेंड्याच्या काडीचं कलम उभं वाढतं. आडव्या फांदीच्या काडीचं कलम पसरट, बुटकं राहतं. काडीला आपली चाल जणू पाठच असते. जायफळाचंही तसंच. शिवाय दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणून बियांचं रोप लावून वर्षानुवर्षं वाट बघावी आणि नर निघावा, ही फजिती मादी झाडाच्या कलमाने टळते.

कोकणातल्या जुन्या हापूसबागांत आता उंच झाडं छाटून खाली आणायची खटपट चालते, कारण शेंड्यावरचा आंबा झेल्याच्याही हाताला येत नाही. हापूसला मोहोरासाठी पॅक्लोब्युट्राझोल देतात; त्याने पालवीची वाढही आखडते. पण ते मातीत बराच काळ टिकतं. ज्या अळवाची पानं आपण खातो, त्याच्या वाफ्याशेजारी मी तरी ते घालणार नाही.

माड आणि पोफळीला मात्र यातलं काही लागू नाही. त्यांचा शेंडा एकच, तो कापला की झाड संपलं. गोव्याच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या मिश्र बागेत, म्हणूनच त्यांना कोणी बुटकं करत बसत नाही. त्यांच्या खोडावर मिरवेल चढते, खालच्या सावलीत जायफळ वाढतं. झाडाला आखूड करण्यापेक्षा त्याच्याखालची जागा वापरणं कधीकधी जास्त शहाणपणाचं ठरतं. घराला खेटून लावलेल्या झाडाला मात्र ना छाटणी वाचवते ना कुळागर. अंतर पहिल्याच दिवशी राखायचं असतं, कारण महाराष्ट्रातल्या शहरात नंतर झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

तेव्हा रोपवाटिकेत गेलात की 'हे किती वाढतं?' एवढंच विचारून थांबू नका. कलमाची काडी कुठल्या फांदीची, तेही विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरी रोपवाटिका गाठा.