सर, तुम्हीच सांगितलं होतंत

गेल्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. बारावीला मी त्याला भौतिकशास्त्र शिकवलं, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. चहा झाला, नोकरीच्या गप्पा झाल्या आणि मग त्यानं पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेला एक रिपोर्ट काढला. हातात धातूची कांडी धरायची, मिनिटभर थांबायचं, की यकृतापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याचे आकडे संगणकावर येतात. यंत्राचं नाव अर्थातच 'क्वांटम' काहीतरी. त्याच्या आईला बरीच वर्षं मधुमेह. रिपोर्टात स्वादुपिंड सुधारतंय असं आलं, म्हणून तिनं इन्सुलिन निम्म्यावर आणलं. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं.

"तू अडवलं नाहीस तिला?" मी विचारलं.

"मला ते अगदीच अशक्य वाटलं नाही, सर. झाडाचं पान क्वांटम कॉम्प्युटरसारखं चालतं, हे तुम्हीच सांगितलं होतंत. पान चालतं, तर माणूस का नाही?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला वाद तरी घालता आला असता.

हो, मी तसं सांगायचो. २००७ साली बर्कलीच्या ग्रॅहॅम फ्लेमिंग यांच्या गटानं 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रकाशसंश्लेषणात प्रकाशाची ऊर्जा रंगद्रव्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात जात अभिक्रियेच्या केंद्राशी पोचते. ती एकेक उडी मारत जाते, असं मानलं जायचं. या गटाला तिथं लहरींसारखी स्पंदनं दिसली. ऊर्जा एकाच वेळी अनेक वाटा चाचपून सोयीची वाट शोधत असावी, असं त्यांनी सुचवलं. हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंही खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायची. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

आता मी काय गाळायचो ते सांगतो. तो प्रयोग पानावर झालाच नव्हता. तो हिरव्या गंधक-जिवाणूंमधल्या एका प्रथिनावर, उणे १९६ अंश सेल्सिअसला झाला होता. २०१० मध्ये नेहमीच्या तापमानालाही तशी स्पंदनं दिसल्याचे निबंध आले आणि माझा उत्साह दुणावला. मग २०१७ साली दुसऱ्या गटानं दाखवलं, की सामान्य तापमानाला ही इलेक्ट्रॉनिक सुसंगती साठेक फेमटोसेकंदांत विरते. सेकंदाचा दहा लाखावा भाग घ्या, त्याचे पुन्हा शंभर कोटी तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे फेमटोसेकंद. ऊर्जा पोचवण्याच्या कामी यायला तेवढा वेळ पुरत नाही. २०२० साली 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये मोठा आढावा आला. जास्त वेळ टिकलेली ती स्पंदनं मुख्यतः रेणूंच्या कंपनांची होती, असा त्याचा निष्कर्ष. आढाव्याच्या लेखकांत २००७च्या निबंधाचा एक सहलेखकही होता.

विज्ञानानं आपली दुरुस्ती केली. माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत मात्र ती पोचली नाही, कारण तोवर ते पास होऊन निघून गेले होते.

माझा पहिला बचाव सोपा होता. मी 'नेचर'मधलं सांगत होतो, कांडीवाला थापा विकत होता. दोन्हींची तुलनाच कशाला? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हा बचाव टिकेना. मुलांच्या हाती मी पुरावा दिला नव्हता, अचंबा दिला होता. कांडीवाल्यानंही अचंबाच दिला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

मग फरक कशात? 'क्वांटम' या शब्दात तर तो नाहीच. एका अर्थानं सगळंच क्वांटम असतं. हे टेबल आपल्या भारानं कोसळत नाही, तेही इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम नियमांमुळेच. त्यामुळे 'शरीर क्वांटम आहे' हे वाक्य खरं असलं तरी निरुपयोगी आहे; ते विटेबद्दलही खरं आहे. कामाचा प्रश्न असा, की एखाद्या जिवाचं एखादं काम जुन्या यामिकीनं उलगडत नाही आणि क्वांटम हिशेबानंच उलगडतं, असं दाखवता येतं का?

काही ठिकाणी येतं. १९८९ साली ज्युडिथ क्लिनमन यांच्या गटानं यीस्टमधल्या, अल्कोहोलवर काम करणाऱ्या एका विकरात हायड्रोजनच्या जागी त्याची जड भावंडं, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, घालून अभिक्रियेचा वेग मोजला. निव्वळ ऊर्जेचा डोंगर चढून जायचं असतं, तर वेगांचं गुणोत्तर एका विशिष्ट मर्यादेत बसलं असतं. ते बसेना. हायड्रोजन डोंगर न चढता बोगद्यातून गेल्यासारखा पार होत होता.

दुसरी गोष्ट रॉबिन या छोट्या पक्ष्याची. युरोपातला रॉबिन स्थलांतराच्या वेळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ठरवतो. हे क्षेत्र इतकं दुबळं आहे, की इलेक्ट्रॉनावरचा त्याचा परिणाम शरीरातल्या उष्णतेच्या खळबळीच्या दशलक्षांशाहूनही कमी. क्लाउस शुल्टन यांनी १९७८ साली सुचवलं, की प्रकाशामुळे तयार होणाऱ्या रेणूंच्या जोडीतले इलेक्ट्रॉन-फिरकीचे संबंध हे काम करत असावेत. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोल्यांमध्ये ठेवलेल्या रॉबिनना दिशाच सापडेना. खोल्यांना ॲल्युमिनियमचं आवरण घालून अर्थिंग दिलं, तेव्हा सापडली. अर्थिंग काढलं, पुन्हा हरवली. साध्या विद्युत उपकरणांतून येणारा क्षीण रेडिओ-गोंगाट त्यांचं होकायंत्र बिघडवत होता, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. २०२१ साली रॉबिनच्या डोळ्यातलं एक प्रथिन परीक्षानळीत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं, हेही दिसलं. जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात नेमकं हेच घडतं, हे सिद्ध व्हायचं आहे.

माझ्या लेखी फरक इथं आहे. रॉबिन चुकू शकतो. तो केव्हा चुकेल हे सांगता येतं, आणि तो चुकला की आपल्याला काहीतरी कळतं. ती कांडी कधीच चुकत नाही. साखर उतरली तर यंत्राचा गुण, चढली तर 'शरीर शुद्ध होतंय'.

एक अडचण मात्र उरते. सगळ्या अटी-शर्ती लावून शिकवलं, तर कुठलं मूल खिडकीबाहेर बघेल? मला अचंबा सोडायचा नाही. पण तो देणाऱ्यानं एक गोष्ट सोबत दिलीच पाहिजे असं आता वाटतं: हे खोटं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं? याला वर्गातली दोन मिनिटं पुरतात. मी ती दिली नाहीत, कारण त्या दोन मिनिटांत टाळ्या नव्हत्या. त्या बोटाचा दोष मी स्वतःवर ओढून घेत नाही, तो मोठेपणाचाच एक प्रकार झाला असता. पण माझ्या वाट्याचा जो थोडा दोष आहे, तो नाकारताही येत नाही.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आईच्या त्या यंत्राला विचारायला हवं होतं, तू कधी चुकतोस?" मी म्हटलं, "हो. आणि मलाही."

नंतर जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पानाच्या गोष्टीची दुरुस्ती लिहून टाकली. दोन अंगठे आले आणि एक सुप्रभातचं फूल. रात्री उशिरा एकीनं विचारलं, "सर, बाकी काय काय चुकीचं शिकवलंय?"

सध्या यादी करतोय.