अक्षरातले हृदय

मराठी घरात मुलाला ‘शिक्षा’ झाली म्हणजे तो मान खाली घालून उभा राहतो. हिंदी घरात मुलाला उत्तम ‘शिक्षा’ मिळाली म्हणजे आईवडील धन्य होतात. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ मात्र दोन घरी दोन वाटांनी गेला. समान शब्द म्हणजे समान अर्थ, असे मानणे किती भाबडेपणाचे असते, हे यावरून ध्यानी यावे.

चीन आणि जपान या देशांत हा अनुभव पावलोपावली येतो. जपानी भाषा चिनी भाषेच्या कुळातील नव्हे. तरी जपानने शतकानुशतके चिनी लिपीतील चिन्हे वापरली आहेत. ही चिन्हे उच्चाराबरोबर अर्थही वाहतात. त्यामुळे ‘पर्वत’ किंवा ‘नदी’ हे चिन्ह दोघांनाही कळते. उच्चार मात्र ज्याचा त्याचा. पण हाच सारखेपणा फसवितोही. जपानी माणूस ज्या चिन्हात ‘मुलगी’ वाचतो, त्यात चिनी माणसाला ‘आई’ दिसू शकते. जपानी विद्यार्थी ज्या चिन्हजोडीने ‘अभ्यास’ लिहितो, ती चिनी भाषेत ‘मनाविरुद्ध, ओढूनताणून’ असा भाव सांगते.

अशा गफलतींवर हसून पुढे जाता येते. परंतु एका चिन्हापाशी आम्हांला थबकावे लागते. ते चिन्ह प्रीतीचे आहे. दोन्ही भाषांत त्याचा उच्चार साधारण ‘आइ’ असा होतो, आणि त्याच्या पारंपरिक रूपात मधोमध ‘हृदय’ दर्शविणारे चिन्ह असते. असे असूनही त्याचा अर्थ नेहमीच निर्मळ नव्हता. मेन्सियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एका राजाची कथा आहे. नव्या घंटेच्या विधीसाठी बळी द्यायला नेला जाणारा बैल थरथरताना पाहून राजाचे मन द्रवले. त्याने बैलाऐवजी मेंढी देण्यास सांगितले. राजा कंजूष आहे, असे लोक बोलू लागले, आणि त्या कंजूषपणासाठी तेथे हेच प्रीतीचे चिन्ह आले आहे. आपल्याकडेही ‘त्याचा पैशात जीव अडकला आहे’ असे आपण म्हणतोच. पुढे बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांत ‘तृष्णा’ या शब्दासाठी याच चिन्हाची योजना झाली. मनुष्याला बांधून ठेवणारी, दुःखाला जन्म देणारी आसक्ती, असा तिचा अर्थ. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. लेकरावर ‘माया’ करणाऱ्या आईची भाषा आणि जगाला ‘माया’ म्हणणाऱ्या वेदान्त्याची भाषा एकाच शब्दावर उभी आहे.

सोळाव्या शतकात सुवार्ता घेऊन जपानला गेलेल्या मिशनऱ्यांपुढे हाच पेच होता. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरले. गोव्यात १५४८ साली बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी गृहस्थ त्यांच्याबरोबर होता. परमेश्वरासाठी त्यांनी प्रथम ‘दाइनिची’ हा तेथील शब्द वापरला. तो महावैरोचन बुद्धाचे नाव आहे, आपण एक सांगतो आणि श्रोते दुसरेच ऐकतात, हे उमगताच त्यांनी तो शब्द सोडला व लॅटिन ‘देऊस’ स्वीकारला. चूक कबूल करून शब्द मागे घेणे, हेही धर्मसेवेचेच अंग आहे.

प्रीतीच्या बाबतीतही अशीच सावधगिरी दिसते. त्या काळच्या जपानी ख्रिस्ती पुस्तकांत देवाच्या प्रीतीसाठी सहसा तृष्णेची छाया असलेले ते चिन्ह न घेता ‘गो-ताइसेत्सु’ हा शब्द योजिला गेला. ‘ताइसेत्सु’ म्हणजे मोलाचे, जिवापाड जपावे असे. परमेश्वर आपल्यावर प्रीती करतो म्हणजे तो आपल्याला मोलाचे मानून जपतो. ‘जपणे’ हे मराठी क्रियापद येथे किती चपखल बसते!

याच काळात वसईचा एक सुपुत्र जपानमध्ये दुभाष्याचे काम करीत होता. संत गोन्सालो गार्सिया १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधूंबरोबर तेथे गेले आणि सत्ताधीश हिदेयोशीपुढे त्यांचा दुभाष्या झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. आयुष्यभर शब्दांना शब्द जोडणाऱ्या त्या दुभाष्याने आपला अखेरचा अनुवाद देहाने केला.

आज तेच वादग्रस्त चिन्ह चिनी व जपानी बायबलांत देवाच्या प्रीतीसाठी निःसंकोच वापरले जाते. मग त्याची तृष्णा कशी निवाली? अक्षर तर बदलले नाही. ते उच्चारणारी माणसे वेगळ्या रीतीने जगली, म्हणून त्यात नवा अर्थ भरला गेला, असे आम्हांला वाटते.

एक घटना मात्र याच्या उलट भासते. चीनमध्ये १९५६ साली लिपी सुलभ करण्याची योजना जाहीर झाली. प्रीतीच्या सुलभ चिन्हातून मधले ‘हृदय’ गेले आणि ‘मित्र’ दर्शविणारा आकार राहिला. हृदयावाचून प्रीती कसली, अशी हळहळ अनेक जण व्यक्त करतात. पण त्या अक्षरावर शिकलेली चिनी मुलगी आपल्या आईला कमी जपते काय? आणि नागासाकीला क्रूस उभारले गेले तेव्हा अक्षरातले हृदय जागच्या जागी होते. मारणाऱ्यांचे हात त्याने रोखले नाहीत.

वाचकहो, आपण दर रविवारी ‘प्रीती’ हा शब्द ऐकतो, गातो, प्रार्थनेत उच्चारतो. घरी परतल्यावर बांधाच्या वादात भावाशी अबोला धरतो, वृद्ध आईच्या औषधाचा हिशेब मांडतो. तेव्हा आपल्या तोंडी शब्द तोच असतो. पण मेन्सियसच्या गोष्टीतल्या लोकांप्रमाणे आपण त्याचा अर्थ ‘हात आखडणे’ असाच करीत असतो. शब्द आपल्याला वारशाने मिळतो, अर्थ मात्र प्रत्येक पिढीला आपल्या पदरचा घालावा लागतो. अक्षरात हृदय असो वा नसो, ते आणून ठेवण्याचे काम आपल्याकडेच आहे.