तोच का हा?

बोर्ली पंचतनला माझं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. समुद्राची खारी हवा, त्यात विजेचा लपंडाव. जुनी हार्डडिस्क काढून मोठी एसएसडी बसवणं हे माझं नेहमीचं काम. गिऱ्हाइकाची अट एकच असते, "सगळं जसंच्या तसं पाहिजे हं." या अटीपाशी माझं डोकं अडकतं.

नुसत्या फायली उचलून नव्या डिस्कवर टाकल्या तर फोटो, हिशेब सगळं दिसतं, पण मशीन त्या डिस्कवरून सुरू होत नाही. त्यासाठी बूटचा तो छोटा विभागही सोबत न्यावा लागतो. म्हणून क्लोनझिला हा प्रोग्राम लावून अख्खी डिस्क उतरवून घ्यायची. नवी दुप्पट मोठी असली तरी बहुतेकदा विभाग जुन्याच मापाचे उतरतात. उरलेली जागा मागाहून जोडून द्यायची, आणि तिथे नेमका रिकव्हरीचा विभाग आडवा येतो. ते असो. खरी गंमत पुढेच आहे. दोन्ही डिस्क जोडून विंडोज चालू केलं, तर ते त्यांतल्या एकीला ऑफलाइन ठेवतं. दोघींची ओळखखूण एकच, आणि ते त्याला चालत नाही. दुसरीला नवी खूण दिली की मगच ती वापरता येते.

दिवेआगरचे एक गुरुजी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येतात. हे ऐकून ते म्हणाले, "अरे, गीतेत दुसरं काय सांगितलंय? जुनं वस्त्र टाकलं, नवं घेतलं."

"पण गुरुजी, इथे जुनं वस्त्र घालूनही कुणीतरी उभाच आहे की!"

मला मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन जवळचा वाटतो. एका दिव्यावरून दुसरा पेटवला तर पहिल्यातून काही निघून दुसऱ्यात जातं का, असं तो मिलिंद राजाला विचारतो. जात तर नाही. पण पहिल्यावाचून दुसरा पेटलाही नसता. आमच्या जिल्ह्यात कुड्याला बौद्ध लेणी आहेत, पण हा दाखला इकडे फारसा कुणाच्या तोंडी येत नाही.

गुरुजी म्हणाले, "मग आमच्या सुवर्णगणेशाचं काय?"

इथे मी अडलो. 1997 मध्ये दिवेआगरच्या वाडीत जमिनीखाली गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि चोरट्यांनी मुखवटा वितळवला. पोलिसांनी जप्त केलेल्या सोन्यातून पुन्हा तसाच मुखवटा घडवला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तो देवळात बसला. डिस्कच्या अगदी उलट. तिथे द्रव्य नवं आणि मजकूर जुना. इथे सोनं जुनं आणि घडण नवी. तरी दोन्हीकडे माणसं म्हणतात, तोच.

"प्रतिष्ठा केली की तो येतो," गुरुजी म्हणाले. "सोनं कुठलं, हा प्रश्नच नाही. पेणच्या मूर्ती एकाच चतुर्थीला किती घरांत बसतात? तुझं विंडोज भांडेल, देव भांडत नाही."

हे मला मान्य आहे. 'तोच' असणं मुखवट्याच्या सोन्यात नाही, घडणीतही नाही. ते माणसं मिळून देतात आणि मग पाळतात. गाव हात जोडतो म्हणून हा मुखवटा तो आहे. गिऱ्हाइकाची डिस्कही अशीच: नेहमीचा पासवर्ड चालला, नेहमीचा फोटो पडद्यावर आला की ते म्हणतं, हाच माझा संगणक.

पण मग गुरुजींना मी पहारेकऱ्यांचं विचारलं. गणपती परत बसवता आला. त्या दोघांच्या जागी आणखी कुणालाही उभं करून, कुठलाही विधी करून, घरच्यांना 'हा तोच' असं म्हणता येईल का?

"आत्मा अमर आहे," गुरुजी म्हणाले.

असेलही. घरच्यांना पहारा संपवून परत आलेला माणूस हवा असतो. यावर गुरुजींनी गीतेच्या त्याच, दुसऱ्या अध्यायातले पुढचे श्लोक म्हणायला सुरुवात केली. शोक करू नये हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. ते मला पटत नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.