संख्या आणि नाव

१८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे येणाऱ्या विधवेला गुप्ततेची हमी होती. त्या हमीवाचून फुले दांपत्याची करुणा निष्फळ ठरली असती.

शासन गर्भपाताची नोंद मागते तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. शांतिलाल शहा समितीने १९६६ साली अहवाल दिला आणि १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. त्याच्या नियमांनी एक मार्मिक भेद केला. रुग्णालयाने दरमहा शासनाला आकडे कळवावेत. स्त्रीचे नाव मात्र गोपनीय प्रवेश-नोंदवहीतच राहावे, इतर कागदांवर केवळ अनुक्रमांक असावा. २०२१ च्या दुरुस्तीने नाव उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंतचा कारावास सांगितला.

संख्या समाजाची असते. तिच्यावाचून कोणत्या तालुक्यात वैद्यकीय सोय अपुरी आहे, हे कळणार कसे? नाव मात्र त्या स्त्रीचे असते. अर्थात, लहान गावात वय आणि महिना सांगितला तरी नाव सांगितल्यासारखेच होते. अल्पवयीन मुलीविषयी तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक केले. त्या भयाने ती अप्रशिक्षित हातांकडे वळू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली, तिने व पालकाने विनंती केल्यास, तिची ओळख न देण्याची मुभा डॉक्टरांना दिली.

ज्या नोंदीच्या धास्तीने स्त्री दवाखान्याची पायरीच चढत नाही, ती नोंद अपुरी, म्हणून असत्य ठरते. नाव राखले, तरच संख्या खरी राहते.