बाहेर गेलंय

वडील गेल्यानंतर पंचवटीतल्या घरातली त्यांची कपाटं आवरायला घेतली. सातआठशे पुस्तकं निघाली. त्यांतल्या एकाच्या पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. कोणत्या वाचनालयाचा ते सांगत नाही. चूक त्यांची नाही, आमच्या घराची आहे. तारीखपट्टीवरची शेवटची तारीख १९८१ची. वाण्याने चुकून जास्त दिलेले आठ आणे परत करायला भर उन्हात माघारी जाणारा हा माणूस. त्याने पुस्तक ढापावं?

पट्टी नीट पाहिली. अकरा वर्षांत पुस्तक तीनदाच बाहेर गेलेलं, तिसऱ्यांदा वडिलांकडे. समासात त्यांची पेन्सिलीची टिपणं, खाली तारखा, शेवटची २००९ची. म्हणजे अठ्ठावीस वर्षं ते हे पुन्हा पुन्हा वाचत होते. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. या पुस्तकाला तर तो मिळालाच होता! मी जवळजवळ निर्धास्त झालो.

पण दुसरा नियम आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. या अठ्ठावीस वर्षांत कुणी खिडकीशी येऊन हेच पुस्तक मागितलं असेल आणि 'बाहेर गेलंय' हे ऐकून परतलं असेल, तर त्याची नोंद कुठे आहे? पट्टीवर नेणाऱ्यांच्या तारखा उमटतात, रिकाम्या हातांनी गेलेल्यांच्या नाही. वडिलांच्या प्रेमाचा पुरावा माझ्या हातात होता. त्या माणसाच्या नुकसानीचा पुरावा असूच शकत नव्हता. म्हणून ते नुकसान खोटं ठरत नाही.

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. त्याआधी इथे ग्रंथ नव्हते असं नाही. घराघरांत पोथ्या होत्या, रुमालात बांधलेल्या. त्या कुणाला दाखवायच्या हे मालकाची मर्जी आणि मागणाऱ्याची जात ठरवत असे. सार्वजनिक वाचनालय या कल्पनेने ती मर्जी मोडीत काढली. (वर्गणी हाही एक उंबरठाच, पण तो ओलांडायला कुळ सांगावं लागत नाही.) वडिलांनी नकळत त्या पुस्तकाची पुन्हा पोथी केली. रुमालाच्या जागी काचेचं कपाट, इतकाच फरक.

आणि योगायोग असा, की ज्या २००९ साली त्यांनी शेवटचं टिपण केलं, त्याच साली नाशकात कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम सुरू झाला. त्यातल्या ग्रंथपेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही काळाने आपसांत बदलतात. पुस्तक घरी येतं, पण मुक्कामाला.

टिपणं खोडावीत का, यावर दोन दिवस घालवले. खोडली नाहीत. पुढच्याला त्रास होईल हे कळत होतं, तरी हात धजावला नाही. इथे मीही वडिलांचाच मुलगा निघालो.

पुस्तक घेऊन गेलो. ग्रंथपाल बाईंनी नोंदवही चाळली. "हे केव्हाच रद्द झालंय हो. देणगी म्हणून लिहू?"

"देणगी कशी? परत करतोय."

त्यांनी छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यावर देणगीदाराचं नाव एवढाच रकाना होता.