सूट कोणास द्यावी?

नियम करणे सोपे आहे. त्या नियमातून कोणास, केव्हा व कशासाठी वगळावे हे ठरविणे कठीण आहे. ज्यास सूट देणे ठाऊकच नाही तो निर्दय होतो. आणि जो मागेल त्यास सूट देतो त्याचा नियमच उरत नाही. या दोहोंमधून न्यायाची वाट कोणती, याचा विचार सातारा व सांगली जिल्ह्यांतील आमच्या वाचकांनी अवश्य करावा. कारण हा प्रश्न दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्याच शिवारात येऊन उतरत असतो.

कृष्णा व वारणा यांच्या काठी, कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत ऊस तोडीस आला म्हणजे बीड व इतर दुष्काळी मुलखातून तोडणीच्या टोळ्या येतात. जतसारख्या कोरडवाहू तालुक्यांतूनही माणसे याच कामास बाहेर पडतात. त्यांचा करार साधा असतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची व पुढील पाच-सहा महिने टनावारी ऊस तोडून ती फेडावयाची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यांतील एकाने दिवस चुकविला तर त्याचा खाडा मांडतात, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. २०१९ साली या गोष्टीचा मोठा बोभाटा झाला, तेव्हा एका दिवसाचा खाडा सुमारे ५०० रुपये असल्याचे प्रसिद्ध झाले होते.

हा नियम निव्वळ दुष्टपणाने झाला असे म्हणणे बरोबर नाही. तोडलेला ऊस पडून राहिला तर वाळतो व त्याचा साखरेचा उतारा घटतो. कारखाना एकदा पेटला म्हणजे त्यास रात्रंदिवस ऊस पुरवावा लागतो. शेतकऱ्यास शेत मोकळे हवे असते. टोळीत दोन कोयते कमी झाले तर गाडी भरण्याचा भार उरलेल्यांवर येतो. उचल घेऊन नाहीसे होणारेही असतात, आणि त्यांच्यापायी कित्येक मुकादम कर्जात बुडाले आहेत. म्हणून कामाचा दिवस भरला पाहिजे, असा नियम असण्यास कारण आहे. परंतु जो आळसाने पडून राहिला आणि जी तापाने फणफणून पालात पडली, त्या दोघांस एकच खाडा लागावा काय? येथेच खरा प्रश्न उभा राहतो.

आपण बोलताना माफी व सूट हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थी वापरतो. पण त्यांत मोठे अंतर आहे. माफी अपराधाला असते, आणि अपराध घडल्यावर मागावयाची असते. सूट ही ज्याचा काही अपराध नाही, परंतु ज्यास नियम पाळणे अशक्य आहे, त्याच्यासाठी असते. आजाऱ्याने मुकादमापुढे हात जोडून माफी मागावी अशी जेथे रीत पडली, तेथे आजार हाच अपराध ठरला असे समजावे.

तर सूट देण्याच्या कसोट्या कोणत्या? आमच्या मते त्या पाच आहेत.

पहिली कसोटी ही की, सूट माणसाच्या अवस्थेवरून द्यावी, ओळखीवरून किंवा दर्जावरून नव्हे. मुकादमाच्या भावकीतला म्हणून एकाचा खाडा मांडावयाचा नाही व परक्या गावचा म्हणून दुसऱ्याचा मांडावयाचा, ही सूट नव्हे. हा पक्षपात होय. जे कारण एकास पुरेसे, ते तशाच अवस्थेतील सर्वांस पुरेसे असले पाहिजे.

दुसरी ही की, ती आधी जाहीर असावी. अनुवादाच्या २० व्या अध्यायात युद्धावर जाण्याविषयीचा नियम आहे. ज्याने नवे घर बांधून त्यात वास केला नाही, ज्याने द्राक्षमळा लावून त्याचे फळ चाखले नाही, ज्याची मागणी झाली पण लग्न झाले नाही, इतकेच नव्हे तर ज्याचे मन भ्यालेले आहे, अशांनी घरी परत जावे, हे अंमलदारांनी लढाईपूर्वी सर्व लोकांसमक्ष मोठ्याने सांगावयाचे होते. कोणा शिपायास आपले दुखणे घेऊन अंमलदाराच्या तंबूत जावे लागत नव्हते. जी सूट कुजबुजून मागावी लागते ती बहुधा भिडस्तास मिळतच नाही. आणि स्त्रियांची कित्येक दुखणी तर परपुरुषापुढे बोलता येण्याजोगी नसतात.

तिसरी कसोटी ही की, सूट नाकारण्यात ज्याचा लाभ आहे त्याच्या एकट्याच्या हाती निर्णय नसावा. मुकादमाचे कमिशन तोडलेल्या टनांवर असते, आणि त्याच्या मानेवरही वरच्याचे देणे असते. तो मनाने चांगला असला तरी त्याच्या तराजूचे एक पारडे आधीच जड आहे.

चौथी ही की, सुटीचा भार अधिक दुबळ्यावर पडू नये. आई पालात पडली म्हणून शाळेतल्या मुलीच्या हाती कोयता दिला, तर ती सूट नव्हे; ती एकीच्या पाठीवरचे ओझे दुसरीच्या पाठीवर टाकणे होय. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावे असे शासनाने ठरविले, त्यातील तत्त्व आम्हांस योग्य वाटते. आजाराच्या दिवसाचा खर्च एका कुटुंबास चिरडून टाकतो. तोच हजारो टनांवर वाटला तर कोणास जाणवतही नाही.

येथे कोणी म्हणेल, सूट दिली की सगळेच आजारी पडतील. ही शंका जुनी आहे. गणनेच्या ९ व्या अध्यायात, जे प्रेतामुळे अशुद्ध झाले होते किंवा दूर प्रवासात होते त्यांना वल्हांडण पुढल्या महिन्यात पाळण्याची मोकळीक दिली. पण जो शुद्ध असून घरीच होता व तरीही चुकला, त्यास शिक्षा सांगितली. अर्थात कारण खरे असेल तर कर्तव्य पुढे ढकलावे, आणि कारण खोटे असेल तर नियम चालवावा. बुडालेला दिवस हंगामाच्या शेवटी भरून देता येतो. आणि एका रांगेत पाले ठोकून राहणाऱ्या टोळीत कोण आजारी व कोण कामचुकार, हे शेजाऱ्यांपासून लपत नाही.

पाचवी कसोटी आम्ही सर्वांत मोठी समजतो. जी सूट पुष्कळांना व वारंवार मागावी लागते, तेथे सूट नव्हे तर नियमच बदलावयास हवा. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले आढळले. म्हणजे सुमारे सहांत एक. याची कारणे अनेक होती. परंतु मासिक पाळी व तिच्या दुखण्याने पडणारे खाडे हेही एक कारण असल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. करार माणसाला बसेना, तेव्हा करार बदलावयाचा सोडून माणसाचे शरीर कापून करारात बसविले! टोळीतील निम्मी माणसे स्त्रिया आहेत. त्यांना महिन्याच्या महिन्याला जे घडते ते अपवाद कसे होईल? शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, असे जर विसाव्याच्या पवित्र दिवसाविषयी खरे आहे, तर खाड्याच्या वहीविषयी किती अधिक!

बलवानांस मात्र सूट मागण्याची लाज कधी वाटत नाही. २०२० च्या एप्रिलात महामारी चालू असता, गुजरात सरकारने तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५ व्या कलमाचा आधार घेऊन कारखान्यांना काही नियमांतून सूट दिली. मजुरांकडून दिवसाला १२ तासांपर्यंत काम घ्यावे, आणि जादा तासांची दुप्पट मजुरी देऊ नये, असा तिचा आशय होता. ते कलम देशाच्या सुरक्षिततेवर गंभीर संकट आले असता वापरावयाचे आहे, व्यापार मंदावला म्हणून नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती सूट रद्द केली व जादा तासांची मजुरी देण्याचा हुकूम केला. सूट दुबळ्याचे रक्षण करण्यास असते. दुबळ्याचे रक्षण करणारा नियमच सुटीच्या नावाने काढून घेणे हे तिच्या हेतूच्या उलट आहे.

आता आमच्या उपदेशक बंधूंस एक विनंती. उचल घेते वेळी कागदावर अंगठा उठविणारा मनुष्य तो कागद वाचीत नाही. तुम्हांस वाचता येते. हंगामापूर्वी ज्या घरची माणसे तोडीस निघतील त्या घरी जाऊन कराराचा कागद त्यांना वाचून दाखवावा. आणि आजार, बाळंतपण, पाळीचे दिवस व घरातील मृत्यू यांसाठी खाडा नाही, बुडालेला दिवस शेवटी भरून दिला जाईल, एवढी चार वाक्ये त्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा. मुकादमही बहुधा आपल्याच गावचा असतो. त्याच्याशी भांडण न करता बोलावे. आणि ज्यांच्या शेतात टोळी उतरते त्या आमच्या शेतकरी बांधवांनी, ऊस आजच गेला पाहिजे असा तगादा लावण्यापूर्वी पालात कोणी पडले आहे काय, एवढे विचारून पाहावे.