दोन तासांचा उजेड

स्वस्थ बसा. श्वास चाललाय तसा चालू द्या. आता मनानं न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या एका स्वस्त थिएटरात शिरा. १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध. दिवे मालवले आहेत. पर्यटकाच्या वेशात एक तरुण जपानी माणूस भलामोठा कॅमेरा घेऊन आत आला आहे. हिरोशी सुगिमोतो, जन्म १९४८, टोकियो. सिनेमा सुरू होताच तो शटर उघडतो आणि सिनेमा संपल्यावर मिटतो.

त्या मधल्या वेळात थांबू या. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन तासांच्या १,७२,८००. भांडण, पाठलाग, चुंबन, रडारड, सगळं एकाच निगेटिव्हवर येऊन पडतं आहे. नवी चौकट जुनीला पुसत नाही, तिच्यावर साचते. शेवटी काय दिसेल? उत्तराची घाई नको.

पडदा लख्ख पांढरा. गोष्ट सगळी तिथेच आहे, प्रसंग मात्र एकही नाही. आता नजर पडद्यावरून सावकाश कडेला न्या. छताची नक्षी, महिरप, खुर्च्यांच्या रांगा. सिनेमा बघताना ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ती सगळी त्या सिनेमाच्याच उजेडात उजळली आहेत. आजचा तुमचा दिवसही असाच एका चौकटीत साचू द्या. कुठलाही प्रसंग उचलू नका, हाकलूही नका. कडेला काय उजळतं तेवढं पाहा.

आता एक डोळा मिटा. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात सुगिमोतोंनी हेच केलं होतं. पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल, मागे रंगवलेला बर्फ. दोन डोळ्यांना खोटं दिसणारं ते दृश्य एका डोळ्याला खरं वाटलं. कॅमेऱ्यालाही एकच डोळा. पुढे काही वर्षं पोटासाठी ते जपानी पुराणवस्तूंचा व्यापार करत. शेकडो वर्षं जुन्या वस्तू रोज हाताळणाऱ्या माणसाला क्षण टिपण्याची असोशी कमी असावी, असा माझा तर्क.

१९८०मध्ये ते जमैकाच्या किनाऱ्यावर उभे राहिले. आदिमानवानं जे पाहिलं, ते आजच्या माणसाला तसंच पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न. समुद्रही बदलतोच म्हणा. पण किनारा, नाव, पक्षी, माणूस, ज्यावरून काळ ओळखू येईल ते सगळं त्यांनी चौकटीबाहेर ठेवलं. वर आकाश, खाली पाणी, अर्धं-अर्धं. मग पुढची कित्येक वर्षं देशोदेशींच्या समुद्रांपुढे तीच चौकट.

असा एक समुद्र समोर घ्या. आधी पाणी पाहा, मग हवा. मधली रेघ काही चित्रांत ठसठशीत आहे, काहींत धुक्यात पार विरली आहे. सापडली नाही तर मनानं आखू नका. तो कॅरिबियन की बाल्टिक, हे खालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. ते नंतर वाचा.